हात वर, निळी जर्सी

कोल्हापुरात एका पेठेत एक भोळा फुटबॉलवाला होता. नाव भैरू. पायात बैलाचं बळ, आणि डोक्यात वस्ताद घालतील तेवढंच.

त्याच्या तालमीच्या संघानं नऊ वर्षं चषक पाहिला नव्हता. वस्ताद गणूबांनी शपथ घेतली होती, चषक येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. नऊ उन्हाळे म्हातारा अनवाणी चालला.

त्या साली तालमीनं थेट घानाहून क्वेसी नावाचा गडी आणला. गोल मारण्यात एक नंबर. पण त्याला मराठी येत नव्हती, आणि भैरूला मराठीशिवाय काही येत नव्हतं.

वस्ताद म्हणाले, "बोलायचं कामच न्हाई. हात वर दिसला की बॉल द्यायचा."

"देतो की."

पहिल्या सामन्यात रेफ्रीनं हात वर केला. भैरूनं बॉल दिला. रेफ्री पोट धरून खाली बसला.

"आरं, त्याला न्हवं! निळी जर्सी बघ, मग दे."

"बघतो की."

दुसऱ्या सामन्यात गॅलरीतल्या एका काकांनी चहावाल्याला बोलवायला हात वर केला. काकांच्या अंगात तालमीची निळी जर्सी. भैरूनं बॉल दिला. चहावाला किटलीसकट काकांच्या मांडीवर.

"आरं, गॅलरीत कशाला? रेषेच्या आतला बघ!"

"आतलाच बघतो की."

उपांत्य सामन्यात क्वेसीचा पाय मुरगळला. पडल्या पडल्या त्यानं डॉक्टरांसाठी हात वर केला. जर्सी निळी, रेषेच्या आत. भैरूनं बॉल दिला. मुरगळला होता पाय, पट्टी बांधावी लागली नाकाला.

"पडलेल्याला कोण देतंय, लेका? उभा असला तरच द्यायचा!"

"बरं."

तरी तालीम कशीबशी अंतिम सामन्यात पोचली. समोर नदीकाठची पेठ, पांढऱ्या जर्सीत. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी. क्वेसीनं हात वर केला. भैरूनं नीट पाहिलं. हात वर. निळी जर्सी. रेषेच्या आत. उभा. मग दिला. क्वेसीनं नुसता पाय लावला आणि गोल!

वस्ताद ढसाढसा रडले. कुणीतरी पळत जाऊन करकरीत नव्या चपला आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. पास भैरूचा, म्हणून चषक धरायचा मान भैरूला मिळाला.

आता मोठ्या खेळाडूंची एक रीत असते. एकमेकांची भाषा येवो न येवो, सामना संपला की जर्सी बदलायची. त्यात सगळं बोलणं आलं. क्वेसीनं आपली निळी जर्सी हरलेल्या कप्तानाला दिली आणि त्याची पांढरी आपण घातली. कप्तानानं निळी अंगात चढवली आणि जाता जाता निरोपाचा हात वर केला.

भैरूनं नीट पाहिलं. हात वर. निळी जर्सी. रेषेच्या आत. उभा.

त्यानं चषक गवतावर ठेवला, दोन पावलं मागं सरला आणि दिला. चषक थेट कप्तानाच्या पायाशी. आलेला पास कोण सोडतो? कप्तानानं तो उचलला, आपल्या पोरांसकट मिरवणुकीच्या ट्रकवर चढला, आणि गुलाल उधळत ट्रक नदीकडे निघालासुद्धा.

क्वेसीनं कपाळावर हात मारून घेतला. त्याला मराठी येण्याची गरज पडली नाही.

भैरू मात्र खुशीत होता. "वस्ताद, या टायमाला समदं बरोबर बघितलं न्हवं?"

वस्तादांचा एक पाय चपलेत गेला होता. तो त्यांनी हळूच बाहेर काढला.