सुधाकरच्या नावाचा बेड

"तोंड आहे ना तिला? मग बोलत का नाही, अम्मा?"

केतकीने दारातूनच विचारलं. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

यमनाम्मा तांदूळ निवडत बसल्या होत्या. मिरजेतल्या दोन खोल्यांत त्या आपल्या चेल्यांना घेऊन राहत. तृतीयपंथीयांचं घर. त्यात केतकी सगळ्यांत शिकलेली, आणि ते कोणाला विसरू न देणारी. सुलोचना सगळ्यांत गरीब. कोणी सुली म्हणा, कोणी सुले म्हणा, ती ओ देई. आदल्या दिवशी पोटात कळा येऊन सुली तापाने फणफणली, तेव्हा केतकीनेच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, आणि रात्रभर ती तिथेच थांबली होती.

"कोन बोलत न्हाई?"

"सुली. डॉक्टरीणबाई विचारून विचारून थकल्या. कुठं दुखतंय, कधीपासनं दुखतंय... ही भिंतीकडं तोंड करून पडलीय. चादर दोन्ही मुठींत धरलीय. अंगाला हात लावू देत नाही. त्या म्हणतात, पेशंटच असं करायला लागल्यावर आम्ही काय करायचं?"

"कुटल्या वार्डात ठिवलंय?"

 केतकीने हनुवटी वर केली.

"पुरुषांच्या."

अम्मांचा हात सुपात तसाच राहिला.

"मग काय करणार होते मी? बायकांच्या वॉर्डात नेलं, तर सिस्टर म्हणाली, इथल्या बायका तक्रार करतील, तिकडं न्या. तिकडं नेलं, तर म्हणाले, साडीतलं माणूस इथं कसं घेऊ, इकडं न्या. सुली जिन्यात ओकत होती, अम्मा. लोक बघायला जमले. एकानं मोबाईल काढला. शेवटी मी तिला संडासात नेलं. कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, रिक्षावाल्याचा शर्ट घातला, आणि खरं नाव सांगितलं. सुधाकर. लगेच बेड मिळाला!"

"खरं नाव," अम्मा म्हणाल्या.

"म्हणजे... जुनं."

केतकी खाली बसली. ती शाबासकीची वाट बघत होती, आणि त्यात तिचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांची टोलवाटोलवी तिने एका युक्तीत बंद केली होती. तिच्या जागी मी असतो, तर चार लोकांना सांगत फिरलो असतो.

अम्मांनी सूप बाजूला ठेवलं.

"दत्तू," त्या केतकीकडे बघून म्हणाल्या, "पानी आन."

त्या घरात एक रीत होती. चेला घरात आला, त्याला नवं नाव मिळालं, की जुनं नाव उंबऱ्याबाहेर. ते परत कोणी उच्चारायचं नाही. भांडणं रोज होत, नळावरच्या बायकांनी कानांवर हात ठेवावेत अशा शिव्या दिल्या जात, पण जुनं नाव कोणी तोंडातून काढत नसे. आणि ही रीत यमनाम्मांनीच घालून दिलेली.

केतकीला आधी खरंच वाटेना.

"काय म्हणालात?"

"तहान लागलीया, दत्तू. पानी आन."

माठ केतकीच्या हाताशी होता. ती उठली नाही. तिने गुडघे पोटाशी घेतले, पदर गळ्यापर्यंत ओढला, आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"दत्तू..."

केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तरी ती हलली नाही.

"पाय हाईत न्हवं तुला?" अम्मांनी हळूच विचारलं.

बाहेर कोणीतरी भंगार मागत गेला. केतकीने तोंड पुसलं.

"मग जिन्यातच मरू द्यायची होती का तिला?"

 गुरू झाले म्हणून सगळ्याची उत्तरं असतात असं नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर तर अजून कोणाकडे आहे असं माझ्या ऐकण्यात नाही. अम्मांनी स्वतःच माठातलं पाणी घेतलं. दोन घोट प्यायल्या, उरलेलं केतकीला दिलं.

"ऊठ, केतकी. तिच्याकडं जाऊ."

पुरुषांच्या वॉर्डात त्या दोघी शिरल्या, तेव्हा एका खाटेवरून कोणीतरी टाळी वाजवून दाखवली. दोघेतिघे हसले. एरवी अम्मांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज त्यांनी मान वळवली नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर सुली पाठ करून पडली होती. खाकी शर्टाची कॉलर घामाने ओली झाली होती.

"सुले."

पाठ हलली नाही.

अम्मा खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांनी आपला पदर काढून सुलीच्या डोक्यावरून घेतला, नवी नवरी सासरी निघताना घेतात तसा.

"सुलोचने... मी आलीया गं, बाळा."

सुली वळली. डोळे लाल झाले होते, ओठ सुकले होते. तिने आधी कपाळ चाचपलं.

"अम्मा... माझं कुंकू पुसलं."

केतकी तोंडावर हात ठेवून खिडकीकडे वळली.

अम्मा वाकल्या. आपलं कपाळ त्यांनी सुलीच्या कपाळावर टेकवलं आणि जरा वेळ तसंच ठेवलं. वर झाल्या, तेव्हा त्यांचं अर्धं कुंकू सुलीच्या कपाळाला लागलं होतं.

"आता सांग. कुटं दुकतंय?"

सुलीच्या मुठी सुटल्या. तिने अम्मांचा हात धरला, चादरीखाली नेला, आणि पोटाच्या उजव्या बाजूला खाली ठेवला. अम्मांनी जरासं दाबलं, तशी ती एवढ्या जोराने किंचाळली, की हसणाऱ्यांनी तोंडं दुसरीकडे फिरवली.

पुढे धावपळ झाली. डॉक्टरीणबाई आल्या, स्ट्रेचर आलं, सुलीला आत नेलं. अम्मा आणि केतकी बाहेरच्या बाकावर बसल्या.  एकदा केतकीने अम्मांचा हात धरला. अम्मांनी तो धरू दिला.

दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने लहान, दमलेल्या. त्या वाईट नव्हत्या, हे सांगितलंच पाहिजे. त्यांचेही डोळे भरले होते.

"अपेंडिक्स फुटलं होतं. विष पोटभर पसरलं होतं. आम्ही खूप प्रयत्न केला, पण..."

केतकी बाकावरून खाली घसरली आणि फरशीवर बसून राहिली.

"कालच कळलं असतं, तर वाचवता आलं असतं हो," बाई म्हणाल्या. "किती वेळा विचारलं मी. सुधाकर, कुठं दुखतंय... सुधाकर, नुसतं बोट दाखव. एक शब्द बोलला नाही. का नाही सांगितलं त्यानं?"

केतकीने मान वर करून अम्मांकडे बघितलं.

अम्मा उठल्या. पदर नीट केला. बंद दाराकडे बघत राहिल्या...

"सुधाकरला कुटं काय दुकत हुतं, बाई?"