कोटातलं पाणी

"…मग भोक पाडलं कुणी, बाबा? तुम्हीच सांगा! पावसाळी कोट नवा, शिवण पक्की, आणि आत मी चिंब. हे पाणी काय आभाळातून थेट माझ्या बनियनमध्ये पडलं?"

जयसिंग भोइटे मठाच्या ओसरीवर उभा होता. दात वाजत होते, पण बोट ताठ होतं. ते बोट मोरेश्वर म्हात्र्यावर रोखलेलं होतं.

केदारगीर बाबा ओला दोर खुंटीवर टांगत होते. त्यांनी मान वळवली नाही.

मी चुलीपाशी. मठाचा स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळं इथली भांडणं मला आयती ऐकायला मिळतात.

आमचा मठ कड्याच्या पायथ्याला. वर गुहेत भैरोबा. श्रावणी सोमवारी तिथं दिवा लावायचा, तोही बाबांच्या शिष्यानं निसरडा कातळ चढून. एकजण पुढं चढतो, दुसरा खालून त्याचा दोर धरतो. पुढं चढायचा मान आपल्याला मिळावा म्हणून हा भोइटे दर पावसाळ्यात फलटणहून येऊन राहायचा. आणि सोमवार आता उद्यावर आला होता.

इथली आणखी एक रीत आहे. पावसात चढायचं तर आपली पिशवी आपण भरायची नाही. जोडीदारानं आपली भरायची, आपण त्याची. कपडे, दोरी, खाणं, सगळं. असं का, ते बाबांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आज सरावाला दोघं अर्ध्या कड्यापर्यंत जाऊन आले होते. भोइट्याची पिशवी भरली होती म्हात्र्यानं.

म्हणजे कोट त्याच्या हातात होता.

खोटं कशाला बोलू, मलाही शंका आलीच. म्हात्रे पेणचा शाळामास्तर, पण मास्तरासारखा बोलायचा नाही. गप्प माणसाचा मला कधीच भरवसा वाटला नाही.

"एवढ्यावर थांबला नाही हा," भोइटे म्हणाला. "माझा सुती सदरा पिशवीतून काढून घेतला. आणि त्या जागी हे कोंबलं!"

त्यानं पिशवीतून एक जाडाभरडा लोकरी स्वेटर काढून जमिनीवर टाकला. कोरडा ठणठणीत.

"गारठलास, तर घातला का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"कुणाचा, कुठला, कोण जाणे! खाजकुयली चोळली असली म्हणजे? कड्यावर एका हातानं धरू आणि दुसऱ्यानं खाजवू?"

मला हसू आलं. बाबांना आलं नाही. त्यांनी स्वेटर उचलून झटकला.

"मोरेश्वर, सदरा का काढलास?"

"सुती होता, बाबा. भिजला की अंगाला चिकटतो आणि गार पडतो. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. त्यांच्याकडं लोकरीचं काही नव्हतं, म्हणून माझा घातला पिशवीत."

"आणि तू काय घालून चढलास?"

म्हात्र्यानं ओल्या सदऱ्याच्या बाह्या मनगटावर ओढल्या.

त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. माझं लक्ष तेव्हा कुठं गेलं. मी मुकाट्यानं चहाचं आधण वाढवलं.

"ऐकलंत?" भोइटे उसळला. "किती साळसूद! फुकटची माया कोण लावतं हो, बाबा? ह्याला पुढं चढायचंय. मी गारठून आजारी पडलो की ह्याचा रस्ता मोकळा."

"मला पुढं चढायचं नाही, भोइटे," म्हात्रे म्हणाला.

"बघा! नको म्हणतोय. नको म्हणणाराच आत टपून बसलेला असतो."

आता काय बोलणार! हो म्हटलं तरी पाप, नाही म्हटलं तरी पाप. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही.

"ह्याला आजच्या आज गावी धाडा," भोइटे म्हणाला. "पुन्हा ह्या मठाची पायरी चढता कामा नये. नाहीतर मी जातो."

…

पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता. म्हात्रे हात जोडून उभा राहिला. "मी जातो, बाबा. उद्याच्या दिव्याला माझ्यामुळं विघ्न नको."

त्याचा आवाज फाटला होता. मठ सुटायचं दुःख लपवता येत नव्हतं त्याला.

"तुला कुणी जा म्हटलंय?" बाबा म्हणाले. मग भोइट्याकडं वळले. "कोट कधी चढवलास?"

"इथून निघतानाच. गळ्यापर्यंत चेन ओढून. आत थेंब येता कामा नये म्हणून मनगटंसुद्धा आवळली होती."

"काढलास कधी?"

"आत्ता, तुमच्यासमोर."

"मध्ये एकदाही उघडला नाहीस? दम लागला तेव्हा?"

"पाऊस होता, बाबा! कोट काय उन्हात घालतात?"

"हं."

बाबांनी मला हाक मारली. कोट उलटा करून, बाह्यांना गाठी मारून, झोळीसारखा धरायला लावला. म्हात्र्याला दुसरी बाजू धरायला सांगितली.

"त्याला नको!" भोइटे ओरडला. "तो हलवेल."

"बरं. मग तू धर."

भोइट्यानं धरला. बाबांनी अख्खी कळशी कोटात ओतली.

आम्ही खाली वाकून बघत राहिलो…

जमीन कोरडी. भोइट्यानं मान वाकडी करून शिवण बघितली, खांदा बघितला, काख बघितली. एक थेंब गळेना. पाणी आत तळ्यासारखं डुचमळत होतं.

"शिवणीतून झिरपायला वेळ लागत असेल," तो म्हणाला.

"थांबू की."

थांबलो. माझे हात भरून आले. चुलीवर चहा उतू गेला, तो तसाच जाऊ दिला.

जमीन कोरडीच.

"मग…" भोइट्याचा आवाज पहिल्यांदा उतरला. "मग मी भिजलो कशानं?"

"बनियन चाखून बघ."

"काय?"

"जीभ लाव."

भोइट्यानं आधी बाबांकडं, मग माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघं मिळून त्याची थट्टा करतोय की काय, हे ताडून पाहत होता. शेवटी त्यानं बनियनचा गळा ओढून जिभेला लावला.

त्याचं तोंड वाकडं झालं.

पावसाचं पाणी खारट नसतं, एवढं त्यालाही कळत होतं.

मला वाटलं, संपलं. आता हा म्हात्र्याचे पाय धरणार, दोघं रडणार, आणि मला एकदाचा चहा गाळता येणार.

भोइट्यानं पुन्हा एकदा चाखलं. मग हळूच, दबक्या आवाजात म्हणाला,

"बाबा… मीठ चोळता येतं हो बनियनला."

अरे देवा! मी कोट तिथंच सोडला. सगळं पाणी ओसरीभर झालं. म्हात्र्यानं डोळे मिटून घेतले. इतका वेळ तो गारठ्यानं कापत होता, आता कापायचाही थांबला.

मला वाटलं, बाबा आता भोइट्याला हाकलणार. मी तर हाकललाच असता, पिशवीसकट.

बाबांनी खुंटीवरचा दोर काढला. एक टोक भोइट्याच्या हातात दिलं.

"उद्या पुढं तू चढ. दिवा तू लाव."

भोइट्याचे डोळे चमकले. इतक्या पावसाळ्यांची इच्छा ती! त्यानं दोर कपाळाला लावला.

बाबांनी दोराचं दुसरं टोक म्हात्र्याच्या हातात दिलं.

भोइट्याचा चेहरा पडला. "बाबा, दुसरा कुणी नाही का? कुणीही चालेल. हा आचारीसुद्धा चालेल."

"दोर मोरेश्वर धरेल. नाहीतर दिवा राहू दे."

…

भोइटे दोराकडं बघत राहिला. मग कड्याकडं. ढगात कडा दिसत नव्हता, नुसतं पाणी कोसळल्याचा आवाज येत होता.

"आणि ह्यानं मध्येच सोडला तर?"

बाबा चुलीपाशी येऊन बसले. हात शेकले.

"तर तुझं म्हणणं खरं ठरेल."