न कळवलेलं सुतक

एकदा एका राजाला लढाईची खाज सुटली. खाज त्याची, आणि भोगायची रयतेनं. डोंगरापलीकडच्या राज्याशी आपलं काय वाकडं आहे, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. बाया उघड उघड राजाला नावं ठेवत, पुरुष पारावर बसून हळू आवाजात ठेवत. अशा वेळी राजाला तलवारीपेक्षा जिभेची निकड जास्त. ती त्याला आयती मिळाली.

एका वृद्ध ज्ञानी पुरुषाचा एक शिष्य होता. वाणी अशी, की ऐकणाऱ्यानं कडू काढा गोड म्हणून प्यावा. राजानं त्याला उचललं आणि लढाईच्या बातम्या लोकांना सांगण्याच्या कामावर बसवलं. "दिवाळीला सैन्य घरी," त्यानं सांगितलं. दिवाळी गेली. "संक्रांतीला नक्की." तीळगूळही खाऊन झाला. आता पाडवा तोंडावर आला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला चावडीवर पुन्हा बोलायचं होतं.

त्याआधी गुरूंचा आशीर्वाद घ्यावा म्हणून तो पेढे घेऊन आश्रमात गेला, तो दारातच थबकला. म्हाताऱ्याचं डोकं तुळतुळीत. उभा गाव ज्या मिशीला ओळखायचा, ती झुपकेदार पांढरी मिशीही साफ उतरवलेली.

"गुरुजी, हे काय? कोण गेलं?"

"लांब राहा, शिवू नकोस. सुतक आहे मला."

"पण तुम्हाला ना आगा ना पिछा. सुतक कुणाचं?"

"ते तू सांगायचंस. मी नुसतं धरलंय."

म्हातारा चळला, असं शिष्याच्या मनात आलं. इतक्यात गावातली एक विधवा अंगण ओलांडून आत आली. आपल्याच काळजीत होती, म्हाताऱ्याच्या डोक्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. "बाबा, माझ्या भिवजीच्या लग्नाचा दिवस काढून द्या. मुलीचा बाप थांबेना. म्हणतो, दिवस सांगा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो." मग तिचं लक्ष शिष्याकडे गेलं. "अगंबाई, महाराज तुम्ही! खिंडीतून आपला एकही शिपाई मागं हटला नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना? मी अगदी पुढं उभी होते. माझा भिवा त्याच खिंडीत आहे. घरोघर जाऊन सांगितलं मी. तुमच्या तोंडात साखर पडो!"

शिष्याची मान खाली गेली. खिंडीतली खरी बातमी आधी त्याच्याच हाती आली होती. मागं हटायला तिथं कुणी उरलंच नव्हतं. ते वाक्य त्याला सुचलं, तेव्हा राजानं पाठीवर थाप मारली होती. आणि लाज अशी, की तेव्हा त्यालाही बरं वाटलं होतं.

"बाई, जरा बाहेर टेका," म्हातारा म्हणाला. ती उंबरठ्याबाहेर जाऊन बसली. मग तो शिष्याकडे वळून खालच्या आवाजात बोलू लागला.

"जिंकणाऱ्या राजाला त्याच त्या आळीतून पुन्हा पुन्हा पोरं न्यावी लागत नाहीत. हे कळायला शास्त्र लागत नाही, डोळे लागतात. दूरदेशी मेलेल्याचं सुतक बातमी कानावर आल्यापासून धरायचं, ही आपली रीत. तू बातमीच येऊ दिली नाहीस. मग सुतक नाही, पिंड नाही, रडणंसुद्धा नाही. गाढवा, तू त्या पोरांना धड मरू दिलं नाहीस आणि त्यांच्या आयांना धड जगू दिलं नाहीस. कुणीतरी सुतक धरायला हवं होतं. मी धरलं."

"राजेसाहेब म्हणाले, लोकांचा धीर सुटेल."

"लोकांचा धीर सुटेल, की त्याची गादी सुटेल? उद्या काय सांगणार आहेस?"

"विजय आता अगदी जवळ..." शिष्य पुटपुटला. स्वतःचे शब्द त्याला चोरीच्या मालासारखे वाटले.

"मग उद्यापर्यंत कशाला थांबतोस? ती बाहेर बसलीय. जा, तिला सांग."

तो बाहेर आला. हजारांपुढे न अडखळणारा माणूस तिच्यासमोर मातीत बसला.

"बाबांनी दिवस काढला का? पाडव्याचा धरू का पुढचा?" तिनं विचारलं.

"आई, भिवजी गेला. खिंडीतले सगळेच गेले. मला संक्रांतीपासून ठाऊक आहे."

ती रडली नाही.

"म्हणजे मी घरोघर सांगत फिरत होते, तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

ती उठली आणि नदीकडे निघाली. ऐकल्यावर आंघोळ करायची असते. वाटेत ज्या ज्या घरचा पोरगा खिंडीत होता, त्या त्या दारात ती क्षणभर थांबली. थोड्या वेळानं एका घरातून हंबरडा उठला, मग दुसऱ्या, मग सबंध आळीतून. उद्या चावडीवर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

शिष्यानं कान झाकायला हात उचलले. मग ते खाली घेतले, आणि ऐकत उभा राहिला.