भावाच्या बांधावरचं बीळ

फार जुनी गोष्ट, बरं का! आपल्या पणज्यांच्या पणज्यासुद्धा जन्मल्या नव्हत्या तेव्हाची. खाडीकाठच्या एका गावात इनास आणि पास्कू हे सख्खे भाऊ राहत. दोघांची भातशेतं शेजारी, आणि खारं पाणी अडवायला समोर मातीचा बांध.

गावाची एक रीत होती. खेकडे बांध पोखरत. ज्याच्या नजरेला बीळ पडेल त्यानं ते तिथल्या तिथं चिखलानं बुजवायचं. बांध कुणाचा, हे विचारायचं नाही.

थोरला इनास राबायचा खूप, पण धाकट्याचं पीक नेहमी सरस. नव्या भाताच्या सणाला वेदीवर पहिली पेंढी वाहायचा मान सलग तीन वर्षं पास्कूला मिळाला. झालं! इनासच्या पोटात दुखू लागलं. "कालचं पोर पुढं, आणि मी थोरला मागं उभा?" असं बायकोला म्हणत तो अर्ध्या ताटावरून उठे. भावाचं नुसतं हसणंही त्याला टोचे. मत्सर मेला असाच. दुसऱ्याचं काही बिघडवायच्या आधी आपलं जेवण बेचव करतो.

कापणीला आठ दिवस होते. उधाणाच्या दिवशी सकाळी इनास बांधावरून चालला होता. पास्कूच्या शेतासमोर त्याला मुठीएवढं बीळ दिसलं. पाणी झिरपत होतं. दोन ओंजळी चिखल पुरला असता. तो वाकलासुद्धा! तेवढ्यात भावाचं भरलेलं भात दिसलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी थोडंच पाडलंय? ज्याचं शेत त्यानं बघावं," असं पुटपुटत तो घरी गेला.

दुपारी भरतीनं बांध फोडला. पास्कूचं उभं पीक खाऱ्या पाण्यात बुडालं. पुढची तीन वर्षं त्या जमिनीत काही पिकणार नव्हतं. दोन शेतांमधला बांध उंच, म्हणून इनासचं शेत वाचलं.

पास्कू चिखलानं माखलेला धावत आला. "दादा, तुझं तरी वाचलं रे! देवाची कृपा!" म्हणत त्यानं भावाला मिठी मारली. इनासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बेट्यानं बीळ पाहिल्याचं पोटातच ठेवलं!

सणाला पेंढीचा मान इनासला मिळाला. ज्यासाठी इतकी वर्षं जळफळत होता, तो हाच मान. वेदीपाशी म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "तुझा भाऊ कुठं आहे?" यावर म्हणायचं असे, "माझ्या सांभाळात आहे."

इनास हातातल्या पेंढीकडे बघत राहिला.

"बोल बाबा," पाद्रीबाबा म्हणाले.

"मी त्याला बुडवला!" इनास रडू लागला. "बीळ दिसलं होतं मला. मी काही केलं नाही हो, काहीच केलं नाही!"

"तोच तुझा गुन्हा. पेंढी इथंच ठेव. आधी भावाकडे जा."

पास्कू गर्दीत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. 

"दादा, एक हाक तरी मारायचीस," एवढंच म्हणाला.

पुढं तीन वर्षं इनासनं आपलं अर्धं भात स्वतःच्या डोक्यावरून पास्कूच्या घरी नेऊन टाकलं. पास्कू ते घेई. पण भावाला पुन्हा मिठी मारायला त्याला तिसरं वर्ष उजाडलं.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: भलं करणं हाती असून जो पाठ फिरवतो, तोही पापाचा धनीच.