गोजाबाईची रिकामी पिशवी

या रे इकडे दोघं. ओम्या, पाय पांघरुणात घे. शाले, त्या बॅगेवरून ऊठ, तिच्यावर बसून सकाळ काही लवकर होत नाही. गोष्ट सांगते. आणि मुकुंदा, बाहेरच्या खोलीत माझं सामान उपसतोयस ना, तूही ऐक. 'आई, एवढं कशाला? आणि या वयात तू तरी कशाला दगदग करतेस?' हे सकाळपासून मी ऐकतेय, आता जरा तू ऐक.

तर एकदा काय झालं, बरं का, गोजाबाई नावाची एक बाई समुद्र बघायला निघाली.

ती राहायची पार डोंगरावरच्या गावात. नवरा केरबा, टोपल्या विणायचा. गरीब स्वभावाचा माणूस, कुत्रं भुंकलं तरी त्यालाच नमस्कार करणारा. तीन पोरं. सगळ्यांत धाकटी मैना, चार वर्षांची. गावाने विचारलं, "कशाला जाता गं? तिकडे लग्न आहे? नवस आहे? बाजार आहे?" गोजाबाई म्हणाली, "काही नाही. समुद्र आहे. पोरांना दाखवायचाय, मलाही बघायचाय." लोक हसले. हसू देत. लोक पायी चालू देत नाहीत आणि घोड्यावरही बसू देत नाहीत.

पण वाटेत एक खिंड होती. आणि खिंडीत बसायचा एक राक्षस. नाव त्याचं नकोबा. केवढा होता म्हणतोस? आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी आहे ना, तेवढं त्याचं नुसतं डोकं. खाली जाणाऱ्या प्रत्येकाचं गाठोडं तो सोडायला लावायचा. त्यातल्या तीन वस्तू उचलायचा आणि विचारायचा, "हे कशाला?" तिन्हींचा उपयोग त्याला पटवून दिला, तर तो खिंड सोडून कायमचा जाणार. एकीचा जरी पटला नाही, तर घरातलं सगळ्यांत धाकटं पोर त्याच्याकडे राहणार, जन्मभर गुहा झाडायला. "ते तरी कशाला हवंय तुम्हाला? कामाचं नाही ते," असं म्हणायचा मेला.

मग लोकांनी काय केलं? दोन भाकऱ्या आणि एक काठी, एवढंच घेऊन जायला लागले. भाकरी एक, काठी दुसरी. तिसरी वस्तूच नाही, मग राक्षस विचारणार काय? पण म्हाताऱ्यांना घोंगडं लागतं. मग म्हाताऱ्यांना न्यायचं बंद झालं. पोर न्यायचं म्हणजे सतरा वस्तू आल्या. मग पोरांना न्यायचं बंद झालं. आणि मग हळूहळू कुणी कुठे जाईनासंच झालं. भीतीचं असंच असतं बाळांनो, आधी सामान कमी करायला लावते आणि मग पायच बांधते.

केरबा म्हणाला, "गोजे, आपणही दोन भाकऱ्याच घेऊ गं." अगदी तुमच्या बाबासारखा म्हणाला! गोजाबाईने पदर खोचला. म्हणाली, "तीन पोरं घेऊन निघालेय मी, वाऱ्यावरची वरात नाही. मला जे लागतं ते मी घेणार." आणि तिने हे एवढं गाठोडं बांधलं. वर गुडघा ठेवून गाठ मारली.

मग निघाली सगळी. भर दुपारी खिंडीत पोचली. नकोबा बसलेलाच होता.

"सोडा गाठोडं!"

केरबाने त्यालाही नमस्कार केला. गोजाबाईने गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "हात धुतलेस का? मगच लाव हात."

राक्षसाला असं कुणी बोललं नव्हतं. त्याने चक्क हात झटकले. मग एक पांढरा खडा उचलला. "दगड! डोंगरात राहता आणि दगड घेऊन हिंडता? हे कशाला?"

ती होती तुरटी, बरं का. खिंडीतच एक डबकं होतं, नकोबा तेच पाणी प्यायचा. गढूळ, चहासारखं. गोजाबाईने तांब्याभर पाणी घेतलं, तुरटी त्यात चार वेळा फिरवली आणि तांब्या ठेवला बाजूला. पोरांना भाकरी वाढली. पोरं जेवेपर्यंत गाळ खाली बसला आणि वर पाणी नितळ! नकोबा वाकून बघायला गेला आणि त्याला त्यात स्वतःचंच तोंड दिसलं. जन्मात पहिल्यांदा. असा दचकला, की दोन हात मागे सरकला.

मग त्याने दुसरी वस्तू ओढली. जुनं, विरलेलं लुगडं. "हिच्या अंगावर धडकं लुगडं आहे. मग ही चिंधी कशाला?"

गोजाबाईने त्या लुगड्याची दोन टोकं दोन झाडांना बांधली आणि ऊन अडवलं. मग सोडलं आणि फांदीला झोळी केली. मैनेला तिच्यात निजवलं. मग मैनेला उठवलं, लुगड्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि चुंबळीवर ते अख्खं गाठोडं उचलून दाखवलं. "अजून बारा कामं आहेत याची," ती म्हणाली. "दाखवू?"

"नको, नको," नकोबा म्हणाला.

आता राक्षस चिडला. त्याने हात घातला तो पार तळाशी. आणि काढली एक पिशवी. जुन्या परकराची घरी शिवलेली, दोन बंदांची. त्याने ती उघडली. आत काही नाही. उलटी केली. काही नाही. डोळ्याला लावून बघितली, झटकली. काहीच नाही! मग तो असा हसला, की झाडावरची पाखरं उडाली.

"रिकामी! रिकामी पिशवी! काहीच न्यायचं नाही, त्याला पिशवी! आता सांग, हे कशाला?"

"येताना लागते," गोजाबाई म्हणाली.

"मग आत्ता दाखव तिचं काम."

"आत्ता कसं दाखवू? अजून आम्ही गेलोच कुठे?"

"मग पोर ठेव इथे," नकोबा म्हणाला, "आणि ये पिशवी भरून." आणि त्याने मैनेचा हात धरला. केवढासा तो हात, त्याच्या चिमटीत मावला.

केरबा रडायलाच लागला. "गोजे, टाकून दे ती पिशवी. चल घरी." पण गोजाबाई पुढे झाली, राक्षसाच्या बोटावर सणकन चापट मारली आणि मैनेला कडेवर घेतलं.

"पोर ठेवणार नाही. पिशवीही ठेवणार नाही. मी परत येणार आहे. परत यायचं नसतं तर रिकामी पिशवी कशाला घेतली असती? पळून जाणारा माणूस कधी रिकामी पिशवी नेतो का? सांग की!"

नकोबाने डोकं खाजवलं. मग वाटेतला पाय बाजूला घेतला.

"आणि ऐक," गोजाबाई म्हणाली, "आपला निवाडा लागेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या गाठोड्याला हात लावायचा नाही." आणि गेलीसुद्धा उतरून, तरातरा.

मग काय! समुद्र बघितला त्यांनी. केवढा, कसा, ते उद्या तुम्ही बघालच. आठ दिवस राहिली. पोरं लाटांत लोळली. केरबासुद्धा ओरडला, मोठ्याने, आनंदाने. घरी कधी ओरडला नव्हता बिचारा.

आणि इकडे राक्षस वाट बघत होता. पहिल्या दिवशी पाठ फिरवून बसला, मला काय त्याचं म्हणून. तिसऱ्या दिवशी वळणापर्यंत जाऊन आला. सहाव्या दिवशी खडकावर चढून टाचा उंच करून बघत राहिला. डोंगरावरची माणसं भीतभीत खिंडीतून जायला लागली. कुणाकडे घोंगडं, कुणाकडे पोराचा भोवरा. त्याने ढुंकूनही बघितलं नाही. सगळा जीव त्या पिशवीत. काय बरं येणार असेल तिच्यातून?

निघायच्या दिवशी केरबा म्हणाला, "दुसरी वाट आहे गं. लांबची आहे, पण राक्षस नाही." गोजाबाई म्हणाली, "मी चोरी केलीय का? गेले त्याच वाटेने येणार."

आणि आली. पिशवी टम्म फुगलेली. नकोबा धावतच पुढे आला, मैनेएवढं पोर येतं तसा. फतकल मारून बसला. गोजाबाई एकेक वस्तू काढायला लागली. आमसुलं. शिंपले. नारळाच्या हिरांची केरसुणी. बुधल्यात समुद्राचं पाणी.

"हे कुणाला?" नकोबाने विचारलं.

"शेजारच्या काकूंना."

"आणि हे?"

"हे पाणी माझ्या सासूबाईंना. त्यांचे गुडघे गेलेत, समुद्र बघणं आता होत नाही. परातीत ओतेन, पाय बुडवून बसतील."

"आणि मला?" नकोबा म्हणाला. "मला काय आणलंस?"

बोलला मात्र, आणि त्याने आपलं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. पण उशीर झाला होता.

गोजाबाई खो खो हसली. "कळलं आता पिशवी कशाला ते? हरलास! ऊठ!"

तिने त्याला काही आणलं नव्हतं. ती कशाला आणेल? पण मैनेने आणला होता एक शंख, गुपचूप तळाशी टाकलेला. तो तिने पुढे केला. नकोबा सवयीने म्हणायला लागला, "हे कशा..." आणि शंख कानाला लागला. आत समुद्र वाजत होता. तो पुढचं विसरूनच गेला. उठला. इतकी वर्षं बसून त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. निघाला समुद्राच्या वाटेने. दोन पावलं गेला आणि वळला.

"तुझी पिशवी देतेस?"

"नाही," गोजाबाई म्हणाली. "पिशवी परत येणाऱ्याला लागते. तू परत यायचं नाहीस."

आणि तो आला नाही. खिंड मोकळी झाली. मग डोंगरावरची माणसं हवं ते सामान घेऊन, म्हाताऱ्यांना घेऊन, पोरांना घेऊन हिंडली, फिरली, आपापल्या घरी परतली आणि सुखाने भाकरी खाऊन निजली.

आता तुम्हीही निजा. डोळे मिटा, शाले, चोरून बघू नकोस.

मुकुंदा, माझी निळी कापडी पिशवी बॅगेतून काढून कपाटात कोंबलीस ना? बघितलंय मी. गेल्या वर्षी दवाखान्यात होते म्हणून काय झालं? मी उद्या येणार आहे. आणि परतही येणार आहे. ठेव ती जागच्या जागी.

श्शू. ऐकलंत का रे? कपाट वाजलं. आता बॅगेची चेन वाजली. ठेवली त्याने.

झोपा.