अनारशाच्या तांदळाचे पाणी

एकदा एका गावात, जिथे चाळीस वर्षे एकच माणूस कृतज्ञतेवर बोलत आला होता, तिथे एका तरुणाची बोलण्याची पाळी आली.

चाळीस वर्षे बोलणारे ते पाठशाळेचे वृद्ध गुरुजी. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी गावातल्या मोठ्या व्यापाऱ्याच्या चौकात घरोघरची फराळाची ताटे येत. मधोमध समई लागे, देवाला नैवेद्य दाखवला जाई, आणि पहिला घास झाला की गुरुजी अन्नाविषयी व अन्न देणाऱ्या हातांविषयी बोलत. लोकांचे डोळे भरून येत. पुरुष पाटांवर बसून डोळे पुसत. बायका मागे भिंतीशी उभ्या राहून पुसत, कारण त्यांना ताटे पुन्हा भरायची असत.

गुरुजींचे एक व्रत होते. ते अनारसा खात नसत. का, ते कुणी विचारले नाही. गावातले वडीलधारे त्याला वैराग्य म्हणत. आपल्याला न कळलेल्या गोष्टीला मोठे नाव देऊन मोकळे होणे ही वडीलधाऱ्यांची जुनी सवय आहे.

त्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने पाठशाळेत येऊन सांगितले, "गुरुजी आता थकले. यंदा पाडव्याला त्यांचा शिष्य वामन बोलेल. सभेला पटलं, तर कार्तिकापासून पाठशाळेची गादी त्याची."

वामन तिथून घरापर्यंत धावत गेला. बाविशीचा मुलगा, पण वाटेत दोन ठिकाणी त्याने चिखलावरून उडी मारली. बाप लहानपणीच गेलेला. घरात तो आणि आई, दोघेच. आई अंगणात करंज्यांसाठी खोबरे किसत बसली होती.

"आई, गादी."

"कुठली? माळ्यावरची? तिला ऊन दाखवायचंच आहे."

"अगं, गुरुजींची. पाडव्याला मी बोलणार."

आईच्या हातातली खोबऱ्याची वाटी तशीच राहिली. मग ती इतकी हसली की शेजारीण कुंपणाशी आली. "मग यंदा अनारसे दुप्पट," आई म्हणाली. "तू बोलणार आणि ताट अर्धं, असं चालायचं नाही."

गावात तिला स्वतःच्या नावाने कुणी हाक मारत नसे. ती वामनची आई. पण अनारसे म्हटले की खुद्द व्यापारीसुद्धा 'वहिनींचे' असे म्हणे, आणि पाडव्याच्या नैवेद्याचा पहिला अनारसा तिच्याच ताटातून उचलला जाई. वर्षभरात तिच्या वाट्याला येणारा मान तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी वामन गुरुजींच्या पाया पडला. गुरुजी म्हणाले, "कृतज्ञतेवर बोलणार ना? तर यंदा अनारशाच्या तांदळाचं पाणी तू बदलायचं. तीन दिवस, रोज सकाळी. आईला हात लावू द्यायचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

वामनला मनात हसू आले. त्याने एखादा कठीण ग्रंथ वाचायला मिळेल अशी अपेक्षा केली होती. पण आज्ञा ती आज्ञा. घरी जाऊन त्याने आईला बजावले. तिने जुना तांदूळ निवडला, धुतला, पितळी पातेल्यात भिजत घातला आणि हात झटकून म्हणाली, "घे बाबा. आता तू आणि तुझा तांदूळ."

पहिल्या सकाळी त्याने पाणी बदलले. दुसऱ्या सकाळी त्याला प्रवचनाचा आरंभ सुचला, आणि तो इतका सुंदर होता की दुपारपर्यंत त्याला दुसरे काही दिसेना. 'मातेच्या हातांचे ऋण फेडण्यास सात जन्म अपुरे.' हे वाक्य त्याने चार प्रकारे लिहून पाहिले. तांदळाचे पातेले त्याच्या पाठीमागे तीन हातांवर होते. तिसऱ्या दिवशी त्याला शेवट सुचला.

दिवेलागणीला तो दचकून उठला. झाकण काढले तर पाण्यावर फेस. त्याने ते भराभर ओतून टाकले, नवे पाणी घातले, झाकण ठेवले आणि मनाशी म्हणाला, पाणी ते पाणीच.

चौथ्या सकाळी आईने तांदूळ उपसायला घेतला. ओंजळ नाकाशी नेली, पुन्हा नेली.

"वामन, पाणी बदललं होतंस ना रे रोज?"

"हो तर."

तिने आपल्या नाकापेक्षा मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवला. तांदूळ पंचावर पसरला, सावलीत सुकवला, कांडला, चाळला, गूळ घालून पीठ मळले आणि बरणीत मुरत ठेवले.

दिवाळी आली. घराघरातून भाजणीचा वास, तुपाचा वास, कढयांचे आवाज. आई अनारसे तळायला बसली. खसखशीवर थापलेला पहिला अनारसा तुपात गेला आणि विरघळून तुकडे तुकडे झाला. अनारसा हसला, असे बायका म्हणतात. दुसराही हसला. ओसरीवर वामन मोठ्याने प्रवचन म्हणत होता, म्हणून तिने त्याला हाक मारली नाही. पिठात पीठ मिसळत, आच कमी करत, तिने कसेबसे पंचवीस अनारसे टिकवले. चाखून पाहणे शक्य नव्हते. नैवेद्याचे अन्न आधी उष्टे करायचे नाही, हा त्या घरचा नेम.

पाडव्याची सकाळ. चौक रांगोळ्यांनी भरला होता. वामन नव्या धोतरात, गुरुजींच्या शेजारच्या पाटावर, मांडीवर कागद घेऊन बसला होता. त्याचे गुडघे आनंदाने हलत होते. नैवेद्य झाला. व्यापाऱ्याने रीतीप्रमाणे वहिनींच्या ताटातला अनारसा उचलला, मोडला, तोंडात टाकला आणि चावायचा थांबला.

"वहिनी, यंदा आंबट लागतोय हो."

नानासाहेब नावाचे एक प्रतिष्ठित वृद्ध होते. गावात कुणाचे काही चुकले की ते पहिल्या रांगेत असत. त्यांनीही एक तुकडा चाखला. "वय झालं की हात उतरतो वहिनी. पुढच्या वर्षापासून चिवडा आणत जा. चिवड्याचं काही बिघडत नाही."

पाटांवरून हशा उठला. लांबपर्यंत गेला.

भिंतीशी उभी असलेली आई पुढे झाली. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "तांदळाकडे लक्ष राहिलं नाही." आणि ताट उचलायला वाकली. तिने वामनकडे पाहिले नाही. तेव्हा वामनला कळले की तांदूळ उपसला त्या सकाळपासूनच तिला ठाऊक होते.

"असो," व्यापारी म्हणाला. "वामन, सुरू कर."

वामनने कागद उचलला. मातेच्या हातांचे ऋण, एवढे त्याने वाचले. पुढचे शब्द समोर होते आणि तोंडातून निघत नव्हते. त्याने आधारासाठी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी मान खाली घालून उपरण्याचे टोक बोटांत चुरगाळत होते.

"शेटजी," वामन म्हणाला, "तांदूळ मी आंबवला. पाणी बदलायचं काम माझ्याकडे होतं. दोन दिवस बदललं नाही. आईनं विचारलं तेव्हा खोटं बोललो. आई, ताट खाली ठेव. चूक तुझी नाही."

नानासाहेब पाटावर अस्वस्थ झाले. "अरे, ही काय सभेत सांगायची गोष्ट? बायकांची कामं ती. तू प्रवचन कर."

"हेच प्रवचन. दुसरं होतं, ते खोटं निघालं." वामनने कागदाची घडी घातली. "नाना, तुमच्या ताटातल्या अनारशाचे तांदूळ कुणी भिजवले?"

"मला काय ठाऊक?"

"मग हसलात कशाच्या जोरावर?"

"वामन," व्यापारी हळू आवाजात म्हणाला, "गादी मनात ठेवून बोल."

"ती मनात होती म्हणूनच तांदूळ आंबला, शेटजी."

समईची वात तडतडली. तेव्हा गुरुजी उठले. काठी न घेता चालत आईच्या ताटापाशी आले, त्यांनी एक अनारसा उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. आंबट, चिवट, सबंध खाल्ला.

"गुरुजी, व्रत," कुणीतरी ओरडले. "चाळीस वर्षांचं व्रत मोडलं."

गुरुजींनी बोटांना चिकटलेली खसखस पुसली. "व्रत कसलं? ती लाज होती. माझ्या पहिल्या प्रवचनाच्या वर्षी माझी बायको द्वारका माहेरी गेली होती, बहिणीच्या बाळंतपणाला. तांदूळ भिजवून गेली आणि पाणी बदलायला मला सांगून गेली. मी विसरलो. तिनं परत येऊन अनारसे केले, याच चौकात लोक हसले आणि तिनं चूक आपल्या अंगावर घेतली. मी या पाटावर बसलो होतो. गप्प बसलो, मग कृतज्ञतेवर बोललो. फार छान बोललो, असं सगळे म्हणाले. द्वारकेनं पुन्हा अनारसे केले नाहीत. ती गेल्यालाही अकरा वर्षं झाली. बाळांनो, आभार मानणं सोपं असतं. कठीण काय, तर आपल्या चुकीचा आंबटपणा दुसऱ्याच्या तोंडावर जाऊ न देणं. ते ज्याला जमत नाही, त्यानं गोड बोलू नये. मला जमलं नाही. याला आज जमलं."

बायकांच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. पाटांवरचे पुरुषही डोळे पुसू लागले, सवयीने. पण वामनचे डोळे कोरडे होते.

"गुरुजी, तुम्ही हे त्यांना कधी सांगितलंत? द्वारकाकाकूंना?"

"नाही."

"आणि माझी परीक्षा घ्यायला माझ्या आईचा तांदूळ वापरलात. मी चुकलो, तर हसं तिचंच होणार होतं. झालंही."

"खरं आहे. तेही चुकलंच," गुरुजी म्हणाले, आणि आईकडे वळून त्यांनी हात जोडले. "वहिनी, शिष्याला शिकवायला निघालो आणि पुन्हा एका बाईलाच पुढं केलं."

आईने पदराने कपाळ पुसले. "ते हात जोडणं पुरे झालं गुरुजी," ती म्हणाली. "तुळशीच्या लग्नाला मी पुन्हा अनारसे करणार आहे. उद्या सकाळी तांदूळ भिजेल. यायचं असेल तर या. वामनही असेलच."

गादीचे काय झाले, असे लोक अजून विचारतात. ती व्यापाऱ्याच्या भाच्याला मिळाली. तो कृतज्ञतेवर फार छान बोलतो.

पण दुसऱ्या सकाळी, सूर्य कौलांवर येण्याआधी, गुरुजी वामनच्या दारात उभे होते.

"चपला बाहेर," आई म्हणाली. "आणि हात धुवा. कोपरापर्यंत."

ऐंशीच्या घरातला तो माणूस निमूटपणे हात धुऊन आला आणि त्या दिवशी पातेल्याशी बसून तांदूळ निवडायला शिकला. त्याला खडा आणि तांदूळ ओळखायला वेळ लागत होता. आई त्याच्या ताटलीतून खडे काढत म्हणाली, "प्रवचनात बरे दिसायचे तुम्हाला सगळे दाणे वेगवेगळे." गुरुजी हसले. चाळीस वर्षांत त्यांना कुणी चिडवले नव्हते.

तीन सकाळी वामनने पाणी बदलले. पातेले तिरके धरून गुरुजी जुने पाणी ओतत, वामन विहिरीचे नवे घाली. चौथ्या सकाळी आई तांदूळ उपसायला आली. झाकणावर हात ठेवून तिने सवयीने विचारले, "बदललं होतंस ना रे रोज?"

वामनने पातेले तिच्यापुढे सरकवले.

"माझं ऐकू नकोस आई. वास घेऊन बघ."

तिने ओंजळ नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. मग पंचा पसरला आणि त्याची दोन टोके त्या दोघांच्या हातात दिली.