उत्तरेच्या कडेची खाच

पाण्याला हात लावण्याआधी उत्तरेकडच्या काठाचा दगड बघा. बाकी तिन्ही बाजूंना दोराच्या खुणा बोटभर खोल आहेत. इथली खाच मात्र मनगट बसेल एवढी आहे. ती एका बाईच्या दोराने पडली, असे सांगतात.

या विहिरीची जागा सटवाजी पाणाड्याने दाखवली होती. तळहातावर नारळ ठेवून तो जमिनीखालचे पाणी ओळखायचा. पाणी लागले, पण त्याच दिवशी कड ढासळली. आत सटवाजी गेला आणि ठकूबाईचा एकुलता एक मुलगा येसूही गेला. गावाने दोष पाणाड्यावर टाकला. तो मेलेला, म्हणून राग त्याच्या बायकोवर, गिरजावर निघाला. तिला वाळीत टाकले. भर दुपारी, तेही उत्तरेच्या कडेनेच, तिने पाणी भरायचे असे ठरले.

गिरजा मान ताठ ठेवून यायची. ओट्यावरच्या बायका टोचायच्या.

“काय गं, नवरा गिळून गोड लागतंय का पाणी?”

“लागतंय की. बरं चाललंय माझं.”

तिच्या डोळ्यांत टिपूस नसायचे. तेच गावाला खुपायचे. ठकूबाई तर चारचौघांत बोलली होती, ‘ही रडलेली बघंन, तवाच मला घास गोड लागंल.’

एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेले. तरी गिरजा तासन्‌तास पोहरा ओढत असते, अशी बोलवा उठली. एकट्या बाईला एवढे पाणी कशाला? करणी करत असणार. तिला उघडे पाडायला ठकूबाई दुपारची गेली. गिरजा विहिरीत वाकलेली होती. शेजारची घागर कोरडी होती. भरला पोहरा वर यायचा आणि ती तो तसाच परत आत ओतायची.

“पाण्याचा खेळ मांडलायस व्हय, भवाने?” म्हणत ठकूबाईने दोर हिसकला.

दोर हातात आला तो गिरजाच्या हुंदक्यांनी थरथरत होता. पाणी पडण्याच्या आवाजाखाली ही बाई रोज रडून घेत होती.

“सोडा. बरं हाय माझं,” गिरजा तोंड न वळवता म्हणाली.

ठकूबाईने दोर सोडला नाही.

“माझं न्हाई बरं,” ती म्हणाली.

मग म्हणे दोघींनी मिळून पोहरा ओढला आणि घागर भरली. गावाने ठकूबाईलाही वाळीत टाकले.

पुढे गावाला पस्तावा झाला, असे काहीजण सांगतात. आमचे तात्या म्हणतात, पस्तावा कसला. पुढच्या दुष्काळात पाणी फक्त याच कडेला उरले. ज्यांनी वाळीत टाकले, त्यांना इथेच यावे लागले, आणि दोर धरायला या दोघीच उभ्या होत्या.

आजही या कडेला कुणी एकट्याने पाणी काढत नाही. वैर असले तरी दुसऱ्याने दोराला हात लावायचा, आणि काही विचारायचे नाही. तुम्हाला तहान लागली असेल तर पोहरा सोडा. मी दोर धरतो.